पहिलं घर लाभाचं

शिक्षकांना मे महिन्यात सुट्टी असते हा समज ज्याने कुणी पसरवला, तो तृप्ती गांगुर्डेला एकदा भेटायला हवा होता. तिने त्याला भर बाराच्या उन्हात करंजदऱ्याची सगळी घरं फिरवून आणली असती आणि ‘तुमच्याकडे संडास आहे का, असल्यास कोणत्या प्रकारचा’ हा प्रश्न दर घरी त्याच्याच तोंडून विचारायला लावला असता. निवडणूक आली, बोलवा शिक्षकांना. डोस पाजायचेत, बोलवा शिक्षकांना. आता जनगणनेची घरयादी आली होती, आणि अख्ख्या तालुक्यात बाकी कुणाला मोजताच येत नव्हतं बहुतेक.

त्यात तिच्या वाट्याला आलं करंजदरे. निफाडकडची द्राक्षं संपतात, ऊस संपतो, रस्ता डोंगराला लागतो आणि मग डांबरही संपतं, तिथून पुढे चार किलोमीटरवर हे गाव. उत्तरेला उघडाबोडका डोंगर, दक्षिणेला पाझर तलाव, मधून उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा. ओढ्याच्या अलीकडे गावठाण, पलीकडे मळ्यांमधून विखुरलेली वस्ती. मागच्या जनगणनेत लोकसंख्या सहाशे चाळीस. मारुतीचं देऊळ, चौथीपर्यंतची शाळा, दोन किराणा दुकानं. मोबाइलची रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर, तीही तिच्या मनात असेल तेव्हा. तृप्तीची शाळा सहा किलोमीटर अलीकडच्या गावात होती. करंजदऱ्यात तिने आजवर पाऊल टाकलेलं नव्हतं आणि टाकायची हौसही नव्हती.

तिचा जीव अडकला होता नाशिकला. घरात मायलेकी दोघीच. आई, विमलाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. उजवा खुबा झिजून गेलेला, वर्षभर वॉकरशिवाय बाथरूमपर्यंतही जाणं नाही. दिवसा तृप्ती शाळेत असताना शेजारची सुवर्णा आईकडे बघायची, बाकीच्या वेळी आणि सुट्टीला तृप्ती. ऑपरेशनसाठी वीस तारीख मिळाली होती. ती हुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि इतके दिवस थांबण्यात अर्थ नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आई कशीबशी तयार झाली ती एकाच अटीवर. “तू शेजारी असशील तर. तुझ्याशिवाय मी कुठेही जायची नाही, सांगून ठेवते.”

रजेचा अर्ज होता किशोर सरांच्या टेबलावर. हे तिचे पर्यवेक्षक. “तुमचा करंजदऱ्याचा ब्लॉक पूर्ण सबमिट झाला की त्याच क्षणी सही,” ते म्हणाले. “त्याआधी माझे हात बांधलेले आहेत, मॅडम.” बांधलेल्या हातांत चहाचा कप मात्र होता.

आठ तारखेला सकाळी सातलाच ती स्कूटीवरून गावात पोचली. कोतवाल भिकन देवळापाशी वाट बघत होता. पन्नाशीचा, काटकुळा, बोलणं मोजकं. नियम तसा सोपा होता. आधी कागदावर गावाचा नजरी नकाशा काढायचा. रस्ते, ओढा, देऊळ आणि दर घराला एक चौकोन. वायव्य कोपऱ्यातल्या घराला एक नंबर, तिथून नागमोडी पुढे. तोच नंबर मार्करने दाराच्या चौकटीवर आणि तोच मोबाइलमधल्या अ‍ॅपवर.

वायव्येचं पहिलं घर सरुबाईचं होतं, पत्र्याचं, पुढे निंबाचं झाड. त्याच्याही पलीकडे, डोंगराच्या अंगाला, एक मोकळी जागा होती. दोन खोल्या बसतील एवढी. भिंत नाही, छप्पर नाही, जोत्याचा दगडसुद्धा नाही.

“बाई, दोनपास्नं धरा,” भिकन म्हणाला.

“का? एक कुठे गेला?”

“पहिलं लाभाचं.” त्याने मोकळ्या जागेकडे हात केला, पण मान वळवली नाही.

लाभ तृप्तीला ठाऊक होता. तिचे आजोबा खळ्यावर पायलीने बाजरी मोजायचे तेव्हा पहिलं माप ओतताना ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन, चार. घरात बरकत राहावी म्हणून. पण ती बाजरी होती. पायलीने घरं मोजल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

“भिकनभाऊ, ही जनगणना आहे, खळं नाही.”

“आधीचे गुरुजी दोनपास्नंच धरायचे.”

“आधी कागद होता, कसंही चालायचं. आता अ‍ॅप आहे. त्याला एक लागतो.”

तिने सरुबाईच्या चौकटीवर ठसठशीत १ काढला. भिकन जरा लांब जाऊन उभा राहिला.

सरुबाईने पाणी दिलं, सतरंजी टाकली. घरात ती, तिचा मुलगा समाधान आणि सून पायल. तृप्तीने प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. जमीन कशाची, भिंत कशाची, पाणी कुठून.

“घरात माणसं किती?”

सरुबाई बोटांवर मोजायला लागली. पहिलं बोट मिटलं. “लाभ.” मग पुढची. “मी दोन, समाधान तीन, पायल चार. चार हायती.”

“तीनच तर आहात.”

“व्हय, तीनच.”

“मग चार का म्हणता?”

“मोजल्यावर चार येत्यात, त्याला मी काय करू?”

तृप्तीने कपाळाला हात लावला. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. नवराबायको दोघं राहत, मोजून तीन सांगत. पाच लेकरांची आई आठ सांगायची. पहिलं बोट मिटायचं, लाभ म्हणायचं आणि ते बोट कुणाच्याच नावाचं नाही. तिने एका घरी खडू घेऊन जमिनीवर बेरीज करून दाखवली. घरातल्या सगळ्यांनी ती कौतुकाने बघितली, माना डोलावल्या आणि परत तोच आकडा सांगितला. गाढवापुढे वाचली गीता. तिसऱ्या पहरापर्यंत नऊ घरं झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आधीच्या गुरुजींनी हे सगळे आकडे जसेच्या तसे उतरवून घेतले होते. म्हणजे गेल्या खेपेच्या सहाशे चाळिसांतली शंभरावर माणसं कधी जन्मलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरुबाईच्या दारावरून पुढे निघाली आणि थबकली. चौकटीवर २ होता.

तिने जवळ जाऊन बघितलं. पहिलीच्या पोरांना ती फळ्यावर जसा काढून दाखवते तसाच, शेपटी किंचित वर वळलेला. तिचाच मार्कर, तिचंच वळण. पुढच्या दारावर ३ होता, त्यापुढे ४. कालची नऊ घरं दोनपासून दहापर्यंत गेली होती.

“हे तुमचंच काम आहे ना?” ती भिकनवर उखडली.

“बाई, माझं अक्षर कुठं एवढं चांगलं?”

ते खरं होतं. तिने रुमाल ओला करून आकडे पुसले, जमतील तेवढे, आणि पुन्हा लिहून काढले. उन्हाने डोकं फिरलं असेल, कालच आपण दोनपासून लिहिलं असेल, असं स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकटीवर परत २ होता. चौथ्या दिवशी तिने तो पुसला नाही. भीक नको पण कुत्रा आवर, म्हणाली, राहा बाबांनो दोनपासून. अ‍ॅपमध्ये काय ते बघू.

अ‍ॅपमध्ये तिने सरुबाईचं घर एक नंबरला टाकलं होतं. शाळेच्या ओट्यावर बसून यादी उघडली, तर ते दोन नंबरला होतं. त्याच्या वर, एक नंबरला, आणखी एक नोंद होती, सगळे रकाने रिकामे. तिने ती उडवली. यादी बंद करून उघडली. नोंद होती.

मग कामाच्या रगाड्यात तिकडे बघायला वेळ झाला नाही. ओढ्यापलीकडची घरं एकमेकांपासून अर्धा-अर्धा किलोमीटर लांब. कुत्री अंगावर येत. माणसं शेतात असत, बायका म्हणत कारभारी आल्यावर या. एका म्हाताऱ्याने मुख्य धान्य कोणतं या प्रश्नावर पाऊण तास बाजरीचं पुराण लावलं. रोज दुपारी शाळेच्या ओट्यावर येऊन ती सुवर्णाला फोन लावी, आई जेवली का, गोळी घेतली का. आणि रोज आई फोन ओढून घेऊन एकच विचारी, “झालं का गं तुझं मोजून?”

“होतंय, आई.”

“माणसंच मोजतेस ना? मग एवढा वेळ का लागतो?”



पंधरा तारखेला तिने नजरी नकाशा शाईने पक्का करायला घेतला. वायव्य कोपऱ्यात, सरुबाईच्या चौकोनाच्या वर, पेन्सिलीचा आणखी एक चौकोन होता. तिने तो खोडला. सोळाला परत होता. खोडून खोडून तिथला कागद झिजून पातळ झाला, आणि तरी सतराला त्या पातळ कागदावर चौकोन होताच. पट्टी लावून काढलेला, बाकीच्यांसारखाच.

तिने तडक ती जागा गाठली. दुपारचे दोन वाजले असतील. गावातली सगळी अंगणं उन्हाने भेगाळलेली होती. ही जमीन सारवलेली होती, आत्ता तासाभरापूर्वी सारवल्यासारखी ओली, शेणाचा ताजा वास येत होता. सरुबाईच्या कोंबड्या दाणे टिपत कडेपर्यंत येत आणि वळसा घालून पुढे जात. तृप्तीने वाकून हात टेकवला. जमीन गार होती, माठाच्या बुडासारखी.

“हे सारवतं कोण?” तिने सरुबाईला विचारलं.

“कोणी नाय.”

“मग काय आपोआप सारवलं जातं?”

“ते मला नाय ठाव, बाई. आमी नाय सारवत.” सरुबाई सुपाने पाखडत होती. हात थांबला नाही, पण सुपात दाणे नव्हते.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तिने अ‍ॅपमधली ती पहिली नोंद उघडली. ती आता रिकामी नव्हती. जमीन: शेणाने सारवलेली. पाणी: घराबाहेरून. मुख्य धान्य: बाजरी. भिंत या रकान्यापुढे ‘नाही’ असं होतं. भिंतीच्या यादीत ‘नाही’ हा पर्यायच नसतो. माती असते, विटा असतात, गवत, पत्रा, दगड, सगळं असतं. गेल्या दहा दिवसांत ती यादी तिला तोंडपाठ झाली होती. खाली राहणाऱ्यांची संख्या: एक. कुटुंबप्रमुखाचं नाव: रिकामं.

तिला घाम फुटला, आणि लगेच घामाचा रागही आला. कुणीतरी चेष्टा करतंय आपली. दुष्काळात तेरावा महिना.

अठराला सगळी घरं संपली. एकशे सतरा. माणसं पाचशे एकोणीस. किशोर सरांचा फोन आला.

“मॅडम, पंधरा वर्षांत गाव वाढतं का कमी होतं? शंभर माणसं कुठे गेली?”

तिने लाभाची गोष्ट सांगितली. पलीकडे चहाचा घोट ऐकू आला.

“असं असतं होय,” सर म्हणाले. “बरं, मग सबमिट करा ना.”

“होत नाहीये, सर. एक घर जास्त दाखवतंय. एकशे अठरा.”

“मला इथून एकशे सतराच दिसतात.”

“माझ्याकडे पहिलं घर म्हणून एक नोंद आहे, ती जातच नाही. आणि ती पूर्ण केल्याशिवाय पुढे सरकू देत नाही.”

“मग पूर्ण करा,” सर म्हणाले. “मॅडम, वीस तारखेची तुमची रजा आहे ना?”

हे त्यांनी अगदी सहज विचारलं. तृप्तीला मोबाइल ओट्यावर आपटावासा वाटला.

निघताना सरुबाई दारात होती. तृप्तीच्या तोंडून निघून गेलं, “तुमच्या त्या लाभाच्या घराने माझ्या नाकी नऊ आणलेत, मावशी. आता भरून टाकते ते पण.”

सरुबाई उठून उभी राहिली. “काय बी भरा,” ती म्हणाली. “नाव तेवढं घालू नका, बाई.”

“का?”

सरुबाईने मोकळ्या जागेकडे पाठ केली. पायल घरातून बाहेर डोकावली आणि सासूचा चेहरा बघून परत आत गेली.

एकोणीस तारीख. सकाळी नऊपासून तृप्ती शाळेच्या ओट्यावर बसून होती. नोंद ‘रिकामे घर’ म्हणून दाखवली. अ‍ॅपने सांगितलं, राहणारी व्यक्ती एक आहे, घर रिकामं दाखवता येणार नाही. ‘कुलूपबंद’ दाखवलं. तेच. व्यक्ती शून्य केली. तिच्या डोळ्यांदेखत शून्याचा एक झाला. मोबाइल बंद करून चालू केला. किशोर सरांना तीन फोन लावले. पहिल्यांदा ते मीटिंगमध्ये होते, दुसऱ्यांदा जेवत होते आणि तिसऱ्यांदा म्हणाले, “अहो, घाला ना कुणाचंही नाव. एका नावाने काय जग बुडतंय? मी चारनंतर ऑफिसात नाही.”

एक वाजून गेला होता. पत्र्याखाली ओटा तापला होता. उद्या सकाळी आठला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. आईची पिशवी भरायची होती, रात्री तिला धीर द्यायचा होता. ती ज्या अटीवर तयार झाली होती ती अट म्हणजे तृप्ती, आणि तृप्ती इथे नसलेल्या घराच्या नसलेल्या माणसाला नाव शोधत बसली होती. तिला रडू आलं ते दुःखाने नाही, संतापाने.

तिने नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. कीबोर्ड वर आला. सकाळीच तिने दवाखान्याचा फॉर्म याच मोबाइलवरून भरला होता. तिने एकही अक्षर टाइप करायच्या आत मोबाइलने वरच्या पट्टीत आपणहून एक नाव पुढे केलं.

विमलाबाई गांगुर्डे.

तिने त्यावर टिचकी मारली. एवढंच केलं. कुणाचं तरी हवंच होतं, आणि आईच्या नावाबद्दल उद्या कुणी विचारलं तर आपण उत्तर देऊ शकतो, असा काहीतरी विचार त्या क्षणी डोक्यात होता.

सबमिट.

हिरवी खूण आली. ब्लॉक पूर्ण झाला. घरं एकशे अठरा, माणसं पाचशे वीस. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा अ‍ॅपने काही कुरकुर केली नाही.

देवळापाशी भिकन उभा होता. “झालं का, बाई?”

“झालं एकदाचं.”

“नाव कुणाचं घातलं?”

“कुणाचं नाही,” तृप्ती म्हणाली आणि स्कूटीला किल्ली लावली. आरशात तिला दिसलं, की त्याने टोपी काढून हातात घेतली आहे.

किशोर सरांनी साडेतीनला सही केली. वर ‘आईंची काळजी घ्या’ असंही म्हणाले. तृप्तीने त्यांचे आभार मानले, जे तिला मानायचे नव्हते, आणि ती नाशिकच्या रस्त्याला लागली. महामार्गावर पिंपळगावच्या अलीकडे ती उसाच्या रसासाठी थांबली. अर्धा ग्लास झाला तेव्हा सुवर्णाचा फोन आला.

“ताई, काकूंना तुम्ही आजच नेलंत का दवाखान्यात?”

“नाही गं. मी अजून रस्त्यात आहे. का?”

“मी चहा घेऊन आले. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. काकू नाहीत.”

“बाथरूममध्ये बघितलंस?”

“सगळीकडे बघितलं, ताई. दोन खोल्या त्या, बघायला कितीशा? वॉकर पलंगाशीच आहे. चपलाही इथेच आहेत.” सुवर्णा एका दमात सांगत होती. “दुपारी एकला तर मी जेवण वाढून गेले. ताट तसंच आहे.”

तृप्तीने काहीतरी उत्तर दिलं. काय ते तिला नंतर आठवलं नाही. फोन ठेवला आणि तो हातातच पुन्हा वाजला. आईचा नंबर.

“अगं, पोचले हो मी,” आई म्हणाली.

“आई! कुठे आहेस तू?”

“बघा! पत्ता तूच द्यायचा आणि वर मलाच विचारायचं.” आवाज खणखणीत होता, गेल्या वर्षभरात ऐकला नव्हता इतका. “जागा चांगली आहे हो. जमीन गार आहे. समोर मोठा डोंगर आहे. आणि काय सांगू तुला, इथे खुबा दुखतच नाही. जरासुद्धा नाही. त्या डॉक्टरला कळवून टाक, उगाच सकाळी वाट बघत बसेल बिचारा.”

फोन कट झाला.

रसवाल्याने सुट्टे परत दिले ते टेबलावरच राहिले. तृप्तीने स्कूटी उलटी वळवली.

सहाच्या सुमारास ती करंजदऱ्यात शिरली. ऊन अजून डोंगराच्या माथ्यावर होतं. भिकन देवळाच्या पायरीवर बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ती थांबली नाही. सरुबाईच्या निंबाखाली स्कूटी लावली. सरुबाई उंबऱ्यावर बसली होती, मोकळ्या जागेकडे पाठ करून.

“मावशी, कुणी आलं का इथे? म्हातारी बाई, गोरीशी?”

“नाव नका घालू म्हनलं व्हतं, बाई,” सरुबाई म्हणाली. एवढंच बोलून तिने पदर तोंडाला लावला.

जागा रिकामी होती. ओली, सारवलेली, रिकामी.

तृप्तीने घाईघाईने अ‍ॅप उघडलं. नाव खोडायचं होतं. पडद्यावर एकच ओळ होती: हा ब्लॉक बंद झाला आहे, आता बदल करता येणार नाही.

तिने आईचा नंबर लावला. रेंजची एकही दांडी नव्हती. तरी रिंग गेली.

“आलीस?” आई म्हणाली.

आवाज उजव्या कानाला फोनमधून आला. डाव्या कानाला तो हातभर अंतरावरून आला.

तृप्तीला मान वळवायचा धीर झाला नाही. “आई,” ती म्हणाली, “बाहेर ये. ऐक माझं. उद्या आठला आपल्याला दवाखान्यात पोचायचंय.”

“कशाला? दुखत नाही म्हटलं ना.”

“मी पाया पडते तुझ्या. चल.”

“अगं, रडतेस काय अशी? तुझ्याशिवाय मी कुठे राहिलेय का कधी?” आई समजुतीच्या सुरात म्हणाली. “आत्ताच इथे विचारून गेले, घरात माणसं किती म्हणून. मी म्हटलं, दोन. दुसरीचं नाव विचारलं, तेही सांगितलं. उगाच राहून जायला नको.”

फोन गप्प झाला. तृप्ती तशीच उभी राहिली. डोंगरावरचं ऊन गेलं. कोंबड्या कडेकडेने सरुबाईच्या अंगणात परतल्या. पायल बाहेर आली, तिने कोंबड्या डालल्या आणि मग निंबाखाली बघत राहिली.

“आत्याबाई,” तिने सासूला हाक मारली, “बाईंची स्कूटी हितंच हाय की. बाई कुठं गेल्या?”

सरुबाई उठली. तिने रस्त्याकडे बघितलं, शाळेकडे बघितलं, मग इकडे बघितलं. तृप्ती तिच्यापासून चार पावलांवर उभी होती.

“गेल्या असतील,” सरुबाई म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली.